न फाटलेला पडदा

तुमच्या मंदिरात प्रभुभोजनाच्या मेजावर जे पांढरे कापड अंथरलेले असते, ते कोणी विणले, हे तुम्हांपैकी कोणाला सांगता येईल काय?

मेज कशाची खूण आहे ते तुम्ही चटकन सांगाल. भाकर कशाची, द्राक्षारस कशाचा, हेही सांगाल. कापडाचे विचारले की मात्र बाजाराकडे बोट दाखवाल. आमच्या मंदिरातले कापड माझ्या वडिलांनी विणले आहे, आणि त्या मेजापाशी यायला माझ्या वडिलांनाच मनाई आहे. हे तिसरे वर्ष. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते धुतलेले धोतर नेसून येतात, मंदिराच्या पायरीवर बसतात, आणि आतले शेवटचे गीत संपले की उठून घरी जातात. त्यांचा गुन्हा असा की, त्यांनी एक पडदा फार चांगला विणला.

हे मी शांतपणे लिहावे असा सल्ला मला पुष्कळांनी दिला आहे. जमेल तेवढे करते.

आप्पा बेळगावजवळच्या शहापूरचे विणकर. मी पाळण्यात होते तेव्हा त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि वडगावच्या माझ्या चुलत्यांनी त्याच दिवसापासून त्यांच्या हातचे पाणी सोडले. भावकीत लग्न निघाले की आप्पांना बोलावणे येई, पण जेवायला बसवत ते सगळी पंगत उठून गेल्यावर, बाहेरच्या ओट्यावर. आप्पा तरीही जात. परत आल्यावर "जेवण झ्याक हुतं" एवढेच म्हणत. मला राग येई, त्यांना येत नसे. एका पंगतीतून उठवले तरी दुसरीत आपली जागा पक्की आहे, हा त्यांचा विश्वास होता. मंदिरात महिन्यातून एकदा मिळणारा तो भाकरीचा तुकडा ते दोन्ही हातांच्या ओंजळीत घेत.

आई लवकर गेली. घरात माग, आप्पा आणि मी. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाजाराच्या दिवशी मिशनची माणसे पत्रके वाटत. लोक आदराने घेत, कपाळाला लावत, आणि पुढच्या दुकानात त्यातच तंबाखू बांधून घेत. खाली पडलेली मी गोळा करून आणी. आप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकत, मी शेजारी सुताच्या कांड्या भरत आणि मोठ्याने वाचत असे. पुष्कळ पत्रके अर्धी फाटलेली असत. त्यांचा शेवट मी मनाने रची, आणि तो नेहमी मूळच्यापेक्षा जास्त कडक असे.

"आता काय वाचूलालीस गं?" आप्पा विचारत.

"मूर्तीच्या मागे बसून पुजारी कसा आवाज काढतो ते."

"बग. आनी लोकास्नी कळत न्हाय?"

"अज्ञान आहे आप्पा."

"असंल," म्हणून ते पुन्हा धोटा फेकत.

पुढे मी मिशनच्या शाळेत धाकट्या मुलींना शिकवू लागले, आणि आमच्या पाळकसाहेबांनी मला दर्शनमंडपाच्या कामाला घेतले. इस्राएल लोकांनी अरण्यात देवासाठी जो तंबू उभारला, त्याचा एक नमुना आमच्याकडे होता. पुरुषभर उंचीच्या लाकडी चौकटी, वर कापड, आत सगळे सामान. सुगी झाली की तो गाडीवर घालून आम्ही काकती, सांबरा, हिंडलगा अशी गावे घेत असू. एका बाजूने उघडायचा, आणि पाळकसाहेब हातात वेताची छडी घेऊन एकेक वस्तूचा अर्थ सांगत.

होमवेदी पत्र्याची होती, पितळेचा रंग दिलेली. ती वधस्तंभाची खूण. हातपाय धुण्याचे गंगाळ पाळकसाहेबांच्या न्हाणीघरातलेच होते. ते वचनाने होणाऱ्या शुद्धीची खूण. सात शाखांच्या दीपवृक्षाला बेगड लावलेली. खरा दीपवृक्ष सोन्याच्या एकाच गोळ्यातून ठोकून घडवला होता, ओतला नव्हता, म्हणून घाव सोसणाऱ्या तारणाऱ्याची ती खूण. मेजावर बारा भाकरी, बारा वंशांच्या. त्यांत एकही कमी करायची नाही. धूप म्हणजे प्रार्थना. कराराचा कोश बाभळीच्या लाकडाचा, वरून सोन्याने मढवलेला. लाकूड म्हणजे तारणाऱ्याचे मनुष्यपण, सोने म्हणजे देवपण. इथे शेतकरी हमखास बोलत. काकतीला एक म्हातारा उठून म्हणाला होता, "बाभळीचं? म्हंजे आमच्या गाडीच्या चाकाचंच की! देवाला सागवान गावलं न्हाय व्हय?" सगळे हसले. पाळकसाहेबही हसले आणि म्हणाले, "आजोबा, तेच तर सांगतोय. तुमच्या चाकाचंच लाकूड घेतलं त्यानं." तेव्हा ते मला फार मोठे वाटले होते. ती गोष्ट मी लपवणार नाही.

मला त्या अर्थांचे वेड लागले. प्रत्येक कडीला, आकड्याला, खुंटीला काही अर्थ आहे, जगात निरर्थक असे काहीच नाही, ही केवढी श्रीमंती! मी ते सारे पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून काढले. वाचता येणाऱ्यांसाठी ते मंडपाबाहेर टांगत.

सगळ्यात शेवटी पडदा. पवित्र स्थान आणि परमपवित्र स्थान यांच्यामध्ये टांगलेला. त्याच्या आत वर्षातून एकदा एकच माणूस जाई. पुढे तंबूच्या जागी मोठे मंदिर झाले, आणि प्रभूने प्राण सोडला तेव्हा त्या मंदिरातला तसलाच पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, आणि वाट सगळ्यांना मोकळी झाली. हे सांगून पाळकसाहेब पडद्याला हात घालत, आणि तो टर्रकन दुभंगे. बायका दचकत. मुले टाळ्या वाजवत.

तो पडदा मांजरपाटाचा होता आणि कधीच फाटून दोन झाला होता. प्रत्येक खेळाआधी मी तो मधोमध कच्च्या टाक्यांनी जोडत असे. दोरा ओढला की टाके सुटत.

दोन वर्षे मी ते टाके घातले. मग एक दिवस शाळेतल्या कपाटात मला ते जुने पत्रक पुन्हा सापडले, मूर्तीमागे बसून आवाज काढणाऱ्या पुजाऱ्याचे. मी ते वाचले आणि सुईदोऱ्याचा डबा उचलून थेट पाळकसाहेबांकडे गेले.

"हे आणि ते वेगळं कसं?" मी विचारले.

त्यांनी डबा माझ्या हातातून घेऊन मेजावर ठेवला. मग म्हणाले, "बाई, हा देखावा आहे. देखाव्याला लबाडी म्हणत नाहीत."

"खोट्या फाटण्यानं खरी गोष्ट सांगायची?"

मी त्यांना तीन आठवडे सोडले नाही. शेवटी एक गोष्ट माझ्या कामी आली. निपाणीला आठवडी बाजारात मोठा कार्यक्रम ठरला होता, मिशनचे वरचे गोरे साहेब बघायला येणार होते, आणि तो विटका मांजरपाट त्यांना दाखवायची पाळकसाहेबांनाच लाज वाटत होती. नवा पडदा करायचे ठरले. शास्त्रात सांगितलेल्या रंगांचा, अखंड, टाक्यांशिवाय. विणणार आप्पा.

मी आप्पांना तो भाग तीनदा वाचून दाखवला. निळा म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजेपण, किरमिजी म्हणजे रक्त, पांढरा म्हणजे निष्पापपण, हे सगळे सांगितले. आप्पांनी ऐकून घेतले आणि विचारले, "सुताचं काय म्हंतंय?"

"पीळ दिलेलं तलम सूत."

"पीळ दिलेलं म्हंजे दुपदरी," आप्पा म्हणाले, आणि त्यांचे डोळे वेगळेच दिसू लागले. "इनकाम ठावं असलेल्या मानसानं लिवलंय हे."

त्यांनी सूत स्वतः रंगवून घेतले, दुपदरी करून पिळले, मागाची फणी दाट लावली. पाळकसाहेब मागापाशी येऊन हळूच म्हणाले, "मधोमध थोडे धागे कच्चे ठेवा हं, फाटायला बरं पडेल."

"मागावर वाईट कापड मी इनत न्हाय, साहेब. इनल्यावर वरनं कात्री मारा, तुमचा माल हाय."

"कात्री नाही," मी म्हणाले. "कात्री म्हणजे पुन्हा तेच टाके."

पाळकसाहेब निघून गेल्यावर आप्पांनी माझ्याकडे बघितले. "पोरी, ह्यो फाटनार न्हाय बग."

"फाटला असं लिहिलंय आप्पा."

"त्यो फाटला असंल. मी ह्याचं सांगतोय."

मी म्हणाले, तुम्हांला सूत कळतं, शास्त्र कळत नाही. हे मी म्हणाले. वीस वर्षांची होते, आणि माझ्या आयुष्यात मी जेवढी पत्रके वाचली त्यांपैकी एकातही असे नव्हते की वाचणाऱ्याचे चुकते आणि ऐकणाऱ्याचे बरोबर असते.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी पडदा मागावरून उतरला. सर्व्हिस मोटारीच्या टपावर मंडप बांधून आम्ही निपाणीला गेलो. बाजार भरला होता, तंबाखूचा वास सगळीकडे. साहेब टोपी घालून खुर्चीवर बसले. आप्पा गर्दीत, पुढच्या रांगेत उकिडवे. पाळकसाहेब त्या दिवशी फारच सुंदर बोलले. पडद्यापाशी आले तेव्हा बाजार चिडीचूप झाला होता.

त्यांनी वरची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली.

काही झाले नाही.

ते तरुणपणी तालमीत गेलेले, दंडात अजून बळ होते. त्यांनी पाय रोवून पुन्हा ओढले. मंडपाची चौकट करकरली, दीपवृक्ष हलला. पडदा होता तसाच. निळा, जांभळा, किरमिजी, उन्हात चकाकत.

"पाद्रीबाबा, दात लावा की!" मागून कोणीतरी ओरडले.

"अवो, शापूरचं हातमागाचं हाय ते," एक बाई म्हणाली, "माज्या सासूचं लुगडं मी नेसूलाले अजून. तुमच्यानं काय फाटतंय?"

मग खादीची टोपी घातलेला एक तरुण गाडीच्या धुरीवर चढला. "देशी कापड हाय ते! विलायती आणा, लगीच फाटतंय!" सगळा बाजार हसला, आणि हसता हसता स्वदेशीचा जयजयकार सुरू झाला. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते उठले आणि मोटारीकडे चालू लागले. पाळकसाहेब घामाने भिजलेले, पडद्याची कड अजून त्यांच्या मुठीत. त्यांनी खाली बघितले तेव्हा त्यांना आप्पा दिसले. आप्पा हसत होते. मोठ्याने नव्हे. विणकर दुसऱ्याच्या हातात आपले कापड बघून हसतो तसे, ओठ मिटून.

पुढे जे झाले ते त्या हसण्यामुळे झाले.

पुढच्याच आठवड्यात ख्रिस्ती मंडळीचे पंच बसले. बायकांना आत जागा नव्हती. मी खिडकीखाली उभी होते.

"तुम्ही पडदा मुद्दाम असा विणलात?" पाळकसाहेबांनी विचारले.

"मुद्दामच की," आप्पा म्हणाले. "चुकून कोन असं इनतंय?"

आत कोणीतरी खोकले.

"आणि तुम्ही हसलात."

"व्हय जी. हासलो."

"प्रभूच्या मरणाची गोष्ट चालली असताना?"

"न्हाय जी. तुमी वढत हुता तवा."

 मग पंचांतले वडीलधारे समजुतीच्या सुरात म्हणाले, "आप्पा, साहेब रागावून गेलेत. मंडळीची अब्रू गेली. रविवारी उभं राहून एवढंच म्हणा, पडदा वाईट विणला, माझी चूक झाली. विषय मिटला."

"माजी चूक झाली म्हंतो," आप्पा म्हणाले. "शंभरदा म्हंतो. हासाया नको हुतं. पडदा वाईट इनला एवढं म्हनाया लावू नका. त्यो वाईट न्हाय."

"तेच म्हणावं लागेल."

"मग ऱ्हाऊ द्या."

मी खिडकीच्या गजांना धरून ओरडले, कात्री मी मारू दिली नाही, टाके मी बंद केले, शिक्षा मला करा! आतले एक पंच उठले. "बाई, बाहेरचा आवाज आत येतो," असे म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. आजही मला सगळ्यात जास्त संताप त्या खिडकीचा येतो. आरोप खरा असता तर तो माझ्यावर होता, आणि ऐकायलाही कोणी तयार नव्हते.

निर्णय असा झाला की, ते वाक्य म्हणेपर्यंत आप्पांनी मेजापाशी येऊ नये.

पहिल्या त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर पायरीवर बसले. आत भाकर वाटत होते. मी चिडून म्हणाले, "म्हणून टाका ना एकदाचं! एक वाक्य तर आहे." म्हणजे बघा, मीही त्यांना तेच सांगू लागले होते.

आप्पा म्हणाले, "त्यो पडदा किती जाड हुता म्हनलीस? खरा, देवळातला?"

"खूप जाड. काही म्हणतात, तळहाताइतका."

"आनी कुनी फाडला?"

"कोणी नाही. आपोआप. वरून."

"मग बग की," आप्पा म्हणाले. "मानसाच्या हातानं फाटनारा असता, तर लिवून कशाला ठेवलं असतं? पाळकसायबांनी वढलं, फाटला न्हाय. आता सांगायचं की लोकास्नी, असला हुता त्यो. मी वढलं, माज्यानं हुईना. त्यानं फाडला." मग म्हणाले, "मला वाटलं त्ये तसंच म्हंतील. म्हनून हासलो."

दोन वर्षे मी पुठ्ठ्यांवर अर्थ लिहीत होते. पाळकसाहेब वीस वर्षे सांगत होते. त्या पडद्याचा अर्थ निपाणीच्या बाजारात सगळ्यांसमोर उघडा उभा होता, आणि तो वाचता आला एकट्या आप्पांना, ज्यांना अक्षर येत नाही.

त्या आठवड्यात मी चार पानांचे निवेदन लिहिले. पडदा माणसाच्या हातून न फाटणे हाच त्याचा खरा अर्थ, हे लिहिले. बारा भाकरींतली एक काढून घेता येत नाही, हे लिहिले. आणि हेही लिहिले की, मंडप ज्याने घडवला त्या कारागिराचे नाव शास्त्रात बापाच्या आणि आज्याच्या नावासकट दिलेले आहे, देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले असे तिथे म्हटले आहे, आणि अशी बुद्धी दिलेल्यांत विणणाराही आहे. आपण निळ्या रंगाचा अर्थ सांगतो, किरमिजीचा सांगतो. विणणाऱ्या माणसाला मात्र आपण पायरीवर बसवतो.

पाळकसाहेबांनी ते पूर्ण वाचले. कागदाची घडी नीट घातली. "अर्थ बरोबर आहे," ते म्हणाले. "पण शिस्त वेगळी असते, बाई."

अर्थ बरोबर आहे!  चुकीचा म्हणाले असते तर भांडले असते. ज्याला अर्थ पटतो आणि तरीही ज्याचा हात हलत नाही, त्याच्याशी भांडायचे कसे, हे मला कोणत्याही पत्रकाने शिकवलेले नाही. ते वाईट गृहस्थ नाहीत. गोऱ्या साहेबांना उत्तर त्यांना द्यावे लागते, मला नाही. हे मला कळते, आणि कळल्याने माझा राग कमी होत नाही.

सुगीनंतर मंडप पुन्हा गावोगाव जातो. मांजरपाट परत आला आहे. टाके आता दुसरी मुलगी घालते. आप्पांचा पडदा मंदिरात बाजाच्या पेटीवर घालतात, कारण त्यातून उंदीर आत शिरत नाहीत. मेजावरचे पांढरे कापड जीर्ण झाले तेव्हा पंचांनी निरोप पाठवला, आणि आप्पांनी नवे विणून दिले. मी देऊ नका म्हणाले. ते म्हणाले, "मेज त्येंचं न्हाय गं." ते कापडही दुपदरी सुताचे आहे.

आप्पांना आता खड्ड्यातून वर येताना मागाचा आधार लागतो. भावकीच्या ओट्यावर ते एकटे जेवतात आणि मंडळीच्या पायरीवर उपाशी बसतात. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

मी निवेदने लिहून थकले. म्हणून हे तुम्हांला लिहिते, जे आमच्या मंडळीत आहात किंवा कधी पहिल्या रविवारी बेळगावात असाल. भाकरीचे ताट तुमच्यापुढे येईल तेव्हा हात पुढे करू नका. उभे राहा आणि मोठ्याने विचारा, हे कापड कोणी विणले, आणि तो कुठे बसला आहे? उत्तराची वाट बघू नका. दारात या. वहाणा काढायच्या जागेच्या डाव्या हाताला, भिंतीला टेकून एक म्हातारे गृहस्थ बसलेले असतील. त्यांच्या दंडाला धरून त्यांना आत न्या. ते "ऱ्हाऊ द्या" म्हणतील. तरी न्या.